जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी सारखी उतरते? नवी आणायच्या आधी हे बघून घ्या (खास कोकणवाल्यांसाठी)

डिझेल ट्रॅक्टरचं एक वाईट आहे, चार्जिंग बंद पडलं तरी तो बोंबलत नाही. जुन्या डिझेल इंजिनचा पंप यांत्रिक, त्याला वीज लागतच नाही, एकदा चालू झालं की धडधडत राहतं. त्यामुळे अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणारा) मेलेला असतो तरी आपण दिवसभर चिखलणी करतो, संध्याकाळी लाइट जरा पिवळी वाटते, पण तिकडे कोण बघतोय, आणि सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टिक्'. मग शेजारचं कोणीतरी येतं, बॉनेटवर हात ठेवतं आणि निकाल देऊन मोकळं, "बॅटरी गेली रे, नवी घाल." आणि आपण घालतो पण! नवी बॅटरी दुकानातून भरून आलेली असते म्हणून काही दिवस छान चालते, आणि परत तेच रडगाणं.

माझं सरळ मत सांगतो. घाटावरच्या ट्रॅक्टरचं माहीत नाही, पण देवगड-मालवणापासून गुहागर, श्रीवर्धन, अलिबागपर्यंत समुद्राच्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्या आधी संशय घ्यायचा तो जोडांवर. टर्मिनल, अर्थची पट्टी (बॅटरी आणि ट्रॅक्टरची बॉडी जोडणारी), थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली, बोल्टला लागणारी धातूची कडी), स्विचच्या मागचे पिन. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्यापुढे तांबं टिकत नाही. आणि जोड तपासायला खर्च जवळजवळ शून्य, म्हणून सुरुवात तिथूनच. तरी सगळं क्रमाने सांगतो, कारण क्रम सोडला की माणूस भरकटतो आणि पैसे घालवतो.

सामान काय लागेल? एक साधा डिजिटल मल्टिमीटर, मिळेल तो, महागडा नको. १२ व्होल्टचा एक बल्ब दोन वायरी लावून केलेला टेस्ट लँप. पाने, पॉलिश पेपर, खायचा सोडा, व्हॅसलिन. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा, थट्टा नाही, बॅटरीच्या प्लसला पाना आणि पान्याला अंगठी लागून बॉडीला टेकली तर अंगठी क्षणात लाल होते. बॅटरीजवळ विडी-सिगारेट नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. आणि टर्मिनल काढताना नेहमी अर्थची बाजू आधी काढायची, लावताना शेवटी लावायची.

पहिलं हे ठरवा, तुमच्याकडे डायनमो आहे की अल्टरनेटर

महिंद्राची जुनी बी-२७५, जुनी मॅसी असल्या गाड्यांवर अजून डायनमो भेटतो, म्हणजे अल्टरनेटरच्या आधी हेच काम करणारं जुनं यंत्र. लांबट नळकांडं, त्यावर दोन टर्मिनल, एक मोठं एक छोटं (डी आणि एफ), आणि दुसरीकडे कुठेतरी कटआउटची काळी डबी (डायनमो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणारी). अल्टरनेटर आखूड आणि जाड, अंगावर हवेच्या फटी, मागे एक जाड वायरीचा बोल्ट आणि एकदोन बारीक वायरी. बऱ्याच जणांनी मधे कधीतरी डायनमो काढून अल्टरनेटर बसवलेला असतो आणि जुनी कटआउटची डबी तशीच लटकत ठेवलेली असते, कधी कधी वायर पण तिच्यातूनच फिरवलेली असते, तेव्हा डबी दिसली म्हणून डायनमोच असेल असं धरू नका.

आणि अर्थ कुठल्या बाजूला आहे ते बघा. काही जुन्या इंग्लिश बनावटीच्या ट्रॅक्टरना बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. डायनमोला ते चालतं. अल्टरनेटरच्या गाडीला बॅटरी उलटी लागली तर आतले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तिथल्या तिथे जातात, सेकंद पण लागत नाही.

बॅटरी

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी सेल्फ मारायच्या आधी मोजा. १२.६ च्या वर आली तर भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२ म्हणजे पाव भागच उरलाय. १०.५ च्या आसपास येऊन अडकली आणि चार्जरवर लावूनही तिथेच राहिली तर एक सेल मेलाय (एक सेल म्हणजे साधारण २.१ व्होल्ट, सहाचे पाच राहिले), अशी बॅटरी खरंच गेली, तिच्यावर अजून वेळ घालवू नका. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा फसवा येतो, आधी हेडलाइट दोनेक मिनिटं लावून बंद करा आणि मग मोजा.

आता कोणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बॅटरीवरच धरून ठेवा. सेल्फ फिरताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी तरी कमजोर आहे किंवा रिकामी आहे. पण आकडा १२ च्या आसपासच राहिला आणि सेल्फ मात्र फिरत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, करंट पुढे जातच नाहीये, जोड बघा.

पाणी बघा. प्लेटच्या वर साधारण बोटाचं अर्धं पेर पाणी पाहिजे. आणि पाणी म्हणजे डिस्टिल वॉटरच! आमच्याकडे पागोळीचं पाणी धरून बॅटरीत घालणारे महाभाग आहेत, पावसाचं म्हणजे शुद्धच की म्हणे. अहो किनाऱ्यावरच्या पावसात मीठ उतरतं, वर ते कौलावरची धूळ, शेवाळ घेऊन खाली येतं. विहिरीचं तर नावच नको. ॲसिड पण आपल्या मनाने वाढवायचं नाही, उडते ती वाफ पाण्याची असते. दर आठवड्याला पाणी घालावं लागत असेल तर चार्जिंग कमी नाही, जास्त होतंय, रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) बघा.

रिकामी बॅटरी गाडीवर भरायचा हट्ट करू नका. उतारावर ट्रॅक्टर लावायचा, ढकलून चालू करायचा आणि मग दिवसभरात भरेल अशी आशा, हे आपल्याकडे घाटी-उतार भरपूर असल्याने सगळेच करतात. अगदी सपाट झालेली बॅटरी भरताना अल्टरनेटर तासन्‌तास पूर्ण जोराने चालतो आणि तापून जातो. आधी चार्जरवर रात्रभर लावा, मग पुढची तपासणी. अर्धमेल्या बॅटरीवर केलेल्या तपासणीला अर्थ नाही.

पट्टा

हे पटकन. मधल्या भागात अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण १०-१५ मिलिमीटर आत गेला पाहिजे. फार ढिला तर घसरतो, फार ताणला तर अल्टरनेटरचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग खातो. पण नुसता ताण बघून सोडू नका, पट्टा काढून त्याच्या दोन्ही बाजू बघा, काचेसारख्या चकाकत असतील तर तो ताणूनही घसरणार, विशेषतः चिखलाचं पाणी उडालं की. पुलीचा तळ चकाकत असेल तर पट्टा झिजून खाली बसतोय, म्हणजे बदलायलाच झाला. सकाळी चालू केल्यावर किंवा रात्री सगळे लाइट लावल्यावर चीं करून ओरडतो तो पण हाच.

आता जोड, इथे वेळ द्या

इंजिन चालू करा, थ्रॉटल मध्यम, साधारण १५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) आसपास. मीटर बॅटरीच्या दोन खुंटांवर. अल्टरनेटरच्या गाडीला १३.८ ते १४.४ दिसलं तर चार्जिंग होतंय. हेडलाइट, मागची नांगराची लाइट लावून पण १३.५ च्या आसपास टिकलं तर उत्तम. १२.५ वगैरे दिसतंय आणि हळूहळू उतरतंय तर होत नाहीये. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळायच्या आधी थांबवा.

आता समजा बॅटरीवर १२.८ दिसतंय. इथेच बहुतेक लोक अल्टरनेटर खोलायला घेतात. थांबा. मीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर लावा, काळी त्याच्या बॉडीवर. (हा बोल्ट इंजिन बंद असताना पण जिवंत असतो, पाना टेकवू नका.) तिथे १४.४ आणि बॅटरीवर १२.८? मग अल्टरनेटर बिचारा आपलं काम करतोय, मधल्या वाटेत दीड व्होल्ट खाल्ला जातोय. सुपारीच्या बागेला पंप नवीन बसवला पण पाइपात गाळ साठलाय, असा प्रकार.

कुठे खाल्ला जातोय ते शोधायची युक्ती अशी आहे, आणि एवढी एक गोष्ट जरी तुम्ही हातात बसवलीत तरी अर्धे इलेक्ट्रिशियन तुम्हाला घाबरतील. इंजिन चालू, लाइट चालू, मीटर २० व्होल्टवर. लाल पिन अल्टरनेटरच्या जाड बोल्टवर आणि काळी पिन बॅटरीच्या प्लस खुंटावर. हो, दोन्ही प्लसलाच. जोड चांगले असतील तर मीटर जवळजवळ शून्य दाखवेल, ०.१, ०.२. ०.३ च्या वर गेलं तर या वाटेत कुठेतरी घाण आहे. मग काळी पिन एकेक जोड मागे आणत जायची, खुंटावरून टर्मिनलवर, टर्मिनलवरून थिंबलवर, तिथून सेल्फच्या बोल्टवर, ज्या उडीला आकडा एकदम घसरतो तो जोड चोर. तसंच अर्थच्या बाजूला, एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनस खुंटावर, इथे ०.२ च्या वर गेलं तर अर्थ खराब. खुंटावर म्हणजे शिशाच्या खुंटावरच टोचा, टर्मिनलवर नको, कारण कित्येकदा दोष नेमका खुंट आणि टर्मिनल यांच्या मधल्या काळ्या पापुद्र्यात असतो आणि वरून टर्मिनल अगदी घट्ट, चकचकीत दिसतं.

आमच्या वाडीतल्या एका काकांच्या ट्रॅक्टरला हेच झालेलं. बॅटरी बदलून झाली, अल्टरनेटरचं वाइंडिंग भरून आणलं, तरी सकाळी ढकलणं चुकत नव्हतं. अर्थची विणलेली पट्टी वरून बघितली तर धडधाकट. बोल्ट खोलला तेव्हा खाली काय, कोणीतरी गाडी रंगवताना पट्टीवरूनच रंग मारलेला, रंगाखाली लालभडक गंज, आणि पट्टीचं टोक हातात घेतल्यावर चिवडा होऊन खाली पडलं, आत हिरवी पूड. सगळा करंट त्या बोल्टच्या दोनचार आट्यांतून जात होता. काका म्हणाले, "अरे पण लाइट तर लागत होती की!" लागणारच, लाइटला मोजकेच अँपिअर लागतात, ते कुठूनही जातात, सेल्फला काहीशे लागतात.

साफसफाई कशी करायची: टर्मिनल काढा, गरम पाण्यात खायचा सोडा विरघळवून त्यावर ओता, फसफसून पांढरं-हिरवं सगळं निघतं, फक्त बॅटरीची बुचं घट्ट असू द्या, सोडा आत गेला तर ॲसिडची वाट लागते. साध्या पाण्याने धुवा, वाळवा. खुंट आणि टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरने घासून शिसं चकाकेपर्यंत न्या. अर्थचा बोल्ट जिथे बॉडीवर बसतो तिथला रंग, गंज खरवडून उघडं लोखंड दिसू दे, बोटाएवढी जागा पुरते. मग घट्ट आवळा आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिनचा लेप द्या. आधी घट्ट, मग व्हॅसलिन. खोबरेल तेल लावणारे आहेत, पण ते उन्हात वितळून जातं आणि मुंग्या येतात ते वेगळंच.

वायरीचं वरचं प्लास्टिक चांगलं दिसतं म्हणून वायर चांगली असं नाही. खारी हवा थिंबलच्या तोंडातून आत शिरते आणि तांब्याच्या तारा आतून काळ्या पडत जातात, हातभर आतपर्यंत सुद्धा. वायर दोन बोटांत वाकवून बघा, आत कुरकुर झाली किंवा कडक लागली तर समजायचं. थिंबल कापा, प्लास्टिक सोला, तांबं काळं असेल तर अजून मागे कापा, लालसर चकाकतं तांबं येईपर्यंत. तेवढी वायर उरत नसेल तर पूर्ण बदला, अल्टरनेटर ते बॅटरी वाटेला सहा ते दहा स्क्वेअर एमएम जाडीची. थिंबल दाबून बसवा, वरून हीट श्रिंकची (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा. काळी टेप गुंडाळू नका, म्हणजे गुंडाळा हवी तर, पण एका पावसाळ्यात तिचा गोंद सुटतो आणि आत पाणी धरून ठेवते, उघड्यापेक्षा वाईट. कल्हई केलेली, म्हणजे टिन चढवलेली तांब्याची वायर मिळाली तर तीच घ्या, बोटींवर तीच वापरायला पाहिजे असते. खरं तर बंदरावर बोटींची इलेक्ट्रिक कामं करणारे जे असतात ना, ते या बाबतीत ट्रॅक्टरच्या कुठल्याही मेकॅनिकपेक्षा हुशार, कारण त्यांचा रोजचा वैरी हा एकच, मीठ.

डॅशबोर्डच्या खाली पण एकदा टॉर्च मारा. मांगरात पेंढा असला की उंदीर असणार आणि उंदराला वायरचं आवरण आवडतं. फ्यूजच्या पट्ट्या हिरव्या झालेल्या असतात, त्या काढून घासून परत लावा.

जोड ठीक, पट्टा ठीक, तरी चार्जिंग नाही

मग अल्टरनेटर. पण लगेच काढू नका, आधी डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा बघा. हा दिवा नुसता शोभेचा नाही, बहुतेक जुन्या अल्टरनेटरला सुरुवातीचा चुंबक याच बल्बमधून येणाऱ्या करंटने मिळतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर जागाच होत नाही. चावी लावली, इंजिन बंद, दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर अल्टरनेटरच्या मागची, या दिव्याकडे जाणारी बारीक वायर काढून बॉडीला टेकवा (बारीक म्हणतोय, जाड नाही!). दिवा लागला तर बल्ब आणि वायर ठीक, दोष अल्टरनेटरच्या आत, बहुतेक ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे कोळशाचे तुकडे). नाही लागला तर बल्ब, होल्डर नाहीतर वायर.

आणि हल्ली एक नवीन भानगड, लोक डॅशबोर्डचे सगळे बल्ब एलईडी करून घेतात. चार्जिंगच्या दिव्याच्या जागी एलईडी लावला की त्यातून एवढा कमी करंट जातो की अल्टरनेटर उठत नाही. तिथे जुना तारेचा दोन-तीन वॉटचा बल्बच पाहिजे. हेडलाइट एलईडी करा ना, ते चांगलंच आहे, उलट लोड कमी होतो.

दिवा इंजिन चालू झाल्यावर पण विझत नाही, एकदा थ्रॉटल वाढवून बघा. जुने अल्टरनेटर आयडलला उठत नाहीत, एक झटका दिला की विझतो, ते नॉर्मल. मंद मिणमिणत राहिला तर डायोड किंवा मधला जोड. चावी काढली तरी मिणमिणतोय तर डायोड नक्की गेला आणि तोच रात्री बॅटरी पितोय.

आता एक मजेशीर तपासणी. इंजिन बंद, चावी चालू, स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला बेअरिंगपाशी न्या. रोटरला (आतल्या फिरत्या भागाला) करंट मिळत असेल तर तो चुंबक होतो आणि स्क्रू ड्रायव्हर खेचतो. खेचत नाही म्हणजे ब्रश, स्लिप रिंग (ब्रश ज्यांवर घासतात त्या रोटरच्या रिंगा) नाहीतर रेग्युलेटर. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये स्लिप रिंगवर हिरवट थर चढतो आणि ब्रश आपल्या खाचेत अडकून बसतो, म्हणून कधी कधी अल्टरनेटरला लाकडाने टकटक केलं की चार्जिंग चालू होतं आणि माणूस खूश होतो. ते तात्पुरतं. ब्रश काढा, पाच मिलिमीटरपेक्षा आखूड असतील तर बदला, रिंगा बारीक पॉलिश पेपरने घासा, फडक्याने पुसा.

फटींत पण डोकावा. कुंभारीण माशी मातीची घरटी करते ना भिंतीला, तिला अल्टरनेटरच्या हवेच्या फटी फार आवडतात. फटी बुजल्या की आत हवा फिरत नाही आणि डायोड तापून जातात. चिखलणीचा चिखल पण तिथेच जाऊन बसतो. मग लोक सर्व्हिसिंगला प्रेशरचा पंप सरळ अल्टरनेटरवर मारतात, त्याने पाणी बेअरिंगमध्ये आणि ब्रशमध्ये घुसतं. धुताना वर प्लास्टिकची पिशवी बांधा, आणि धुवून झाल्यावर ती काढायला विसरू नका.

इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून "अल्टरनेटर चालतो का बघूया" हा उद्योग अजिबात नको. डायनमोच्या काळात करायचे ते, अल्टरनेटरला बॅटरी नसली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर उडतात. ट्रॉलीला किंवा बंपरला वेल्डिंग करताना पण बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढून ठेवा. आणि ट्रकच्या २४ व्होल्टवरून जंप तर कधीच नाही.

डायनमोवाल्यांसाठी

अँपमीटरची सुई शून्याजवळ आली म्हणून घाबरू नका. चालू केल्यावर ती प्लसकडे जाते आणि बॅटरी भरत आली की परत मधे येते, ते बरोबरच आहे. इंजिन पळतंय आणि सुई मायनसकडे, तेव्हा काळजी करा. आयडलला डायनमो काहीच देत नाही हे पण लक्षात घ्या, आणि जोरात चालला तरी वीस-बावीस अँपिअरच, त्यात तुम्ही गाण्यांचा टेप आणि चार फोकस लावलेत तर त्याचा दोष नाही.

डायनमो चांगला की कटआउट, ते असं ठरवायचं. डायनमोवरच्या दोन्ही वायरी काढा, दोन्ही टर्मिनल एका तारेने आपसात जोडा, मीटर त्या जोडीवर आणि बॉडीवर. इंजिन आयडलला चालू करून थ्रॉटल हळूच वाढवा. व्होल्टेज भराभर, न अडखळता चढलं पाहिजे. २० पर्यंत जाऊ देऊ नका आणि रेस करू नका, डायनमो चांगला आहे हे कळायला तेवढं पुरतं. काहीच आलं नाही तर ब्रश बघा. अर्धा-एक व्होल्ट आला तर फिल्ड कॉइल (बाहेरची स्थिर गुंडाळी), चार-पाचवर अडकला तर आरमेचर (आतली फिरणारी गुंडाळी). व्यवस्थित चढला तर डायनमो ठीक, दोष कटआउटच्या डबीत किंवा वायरीत.

बराच काळ पडून राहिलेला किंवा दुरुस्त होऊन आलेला डायनमो कधी कधी आपला चुंबक विसरतो. कटआउटवरची एफची वायर काढा आणि बॅटरीच्या जिवंत बाजूकडून (म्हणजे जी अर्थला नाही ती) एका तारेने त्या वायरीला क्षणभर शिवा. बारीक ठिणगी पडेल, झालं काम. हे फक्त डायनमोला, अल्टरनेटरला करायचं नाही.

कॉम्युटेटर (डायनमोचे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) काळा झाला असेल तर बारीक काच पेपरने घासा, लोखंडावर वापरतात तो एमरी पेपर नको, त्याची भुकटी वीज वाहून नेते आणि खाचांत बसून शॉर्ट करते. कटआउटच्या पॉइंटना पण तसंच, हळुवार घासा, पत्र्या वाकवू नका. पॉइंट चिकटून बसले तर इंजिन बंद झाल्यावर बॅटरी उलटी डायनमोत रिकामी होते आणि वायर जळण्यापर्यंत जातं, अशावेळी धूर बघत उभे राहू नका, अर्थचं टर्मिनल ओढा.

चार्जिंग होतंय पण सकाळी बॅटरी रिकामी

मग रात्री कोणीतरी पितंय. सगळं बंद, चावी काढलेली. बॅटरीचा मायनस काढा आणि खुंट व काढलेली वायर यांच्या मधे टेस्ट लँप लावा. पेटला तर गळती आहे. एकेक फ्यूज काढत जा, मग अल्टरनेटरची जाड वायर (ती सुटी करून टोक झाकून ठेवा, आणि त्याआधी मायनस पूर्ण मोकळा करा), जिथे बल्ब विझला ते कारण. नेमकं मोजायचं तर मीटर अँपिअरवर, पण तेव्हा चुकून पण सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो. जुन्या ट्रॅक्टरला इलेक्ट्रॉनिक्स नसतंच, त्यामुळे गळती जवळजवळ शून्यच पाहिजे, टेप असला तर थोडे मिलिअँपिअर समजू शकतो.

गळती नसेल आणि लावणी संपल्यावर गाडी गणपतीपर्यंत, पुढे भातकापणीपर्यंत उभीच राहत असेल तर कटकट एकच, बॅटरी आपणहून उतरते आणि रिकामी राहिली की प्लेटवर पांढरा थर चढतो. मायनस काढून ठेवा, महिन्यातून एकदा चार्जरवर लावा. ट्रॅक्टर पागोळ्यांच्या खाली उभा करू नका, पडवी अपुरी असेल तर निदान बॉनेटची बाजू आत.

पुराचं पाणी लागलेली गाडी

२०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा जे झालं तसं कुणाचं झालं, म्हणजे अल्टरनेटर, सेल्फ पाण्यात बुडले, तर चावीला हातच लावू नका. आधी बॅटरी सोडवा. मग अल्टरनेटर आणि सेल्फ दोन्ही काढून खोला, स्वच्छ पाण्याने गाळ धुवा, दोन दिवस कडकडीत ऊन द्या (मिळालं तर!), बेअरिंग आणि ब्रश बदलूनच परत बसवा. खाडीचं पाणी लागलं असेल तर धुवायला उशीर करू नका, गोड्या पाण्याच्या गाळात आठवडा काढलेला अल्टरनेटर वाचेल पण खाऱ्या पाण्यात भिजून वाळलेला नाही वाचत.

आणि एवढं सगळं करून दुकानात न्यायची वेळ आलीच, तर "चार्जिंग होत नाही" असं मोघम सांगू नका, तुमचे आकडे सांगा, बोल्टवर इतके, बॅटरीवर इतके, दिवा असा लागतो. दुरुस्त झाल्यावर बेंचवर फिरवून, लोड लावून दाखवायला सांगा, फक्त व्होल्टेज नाही, अँपिअर पण. बदलून दुसरा देत असतील तर पुली तुमच्या जुन्या पुलीएवढीच आहे ना आणि तिची खाच पट्ट्याच्या रेषेत येते ना ते तिथेच जुनीला लावून बघा, घरी आल्यावर पट्टा तिरका पळायला लागला की परत एसटी पकडून तालुक्याला जावं लागतं.